खाऱ्या वाऱ्यावर घातलेला आळ

वाचकाचे पत्र: "देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी वरच्या कातळावर नवी कलमे लावली आणि त्यांना उन्हाळ्यात पाणी देण्यासाठी खाली पऱ्याजवळच्या विहिरीवर पंप बसवला. माझी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका झाली आहे, त्यामुळे घरी बसून एसएमएसने पंप चालू-बंद करण्यासाठी आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि सिमकार्डाचे मॉड्यूल वापरून मीच एक पेटी तयार केली. आदेश इंग्रजी अक्षरांत आहेत: ऑन, ऑफ आणि टाइम ३०, म्हणजे तीस मिनिटे चालव. लॅपटॉपवरून टाइप केले की ऑन आणि ऑफ दर वेळी चालतात, पण तेच मॉड्यूलकडून आले की दर वेळी 'आदेश समजला नाही' असे उत्तर मिळते. टाइम ३० दिला की पंप अर्ध्या मिनिटातच थांबतो. बाबांनी मराठीत 'चालू' असे पाठवले तर नुसते आकडे येतात. सर्वांत वाईट म्हणजे कधीकधी रात्री पंप आपोआप सुरू होतो. तपासासाठी कोडमध्ये जागोजागी ओळी छापल्या, तर हा शेवटचा दोष नाहीसाच झाला, आणि त्या काढल्यावर परत आला. खाऱ्या हवेने बोर्ड खराब होतो असे सगळे म्हणतात, म्हणून दोन बोर्ड बदलून झाले. कोड सोबत जोडला आहे."

उत्तर: तुमचे दोन्ही जुने बोर्ड बहुधा धडधाकट आहेत.

किनाऱ्यावर खारी हवा उपकरणांचे हाल करते हे मी रत्नागिरीत राहून नाकारणार नाही. पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवा थर मी दर वर्षी खरवडतो आणि बाहेर बसवायच्या प्रत्येक बोर्डावर लॅकरचा हात मारल्याशिवाय तो पेटीत घालत नाही. पण गंजलेला सांधा असा नेमका वागत नाही. तो कधी एक अक्षर बिघडवतो, कधी दुसरे, आणि पेटीवर टिचकी मारली की काही काळ सुधारतो. तुमचा दोष मात्र लॅपटॉपवरून दर वेळी गैरहजर असतो आणि मॉड्यूलवरून दर वेळी हजर असतो. इतक्या शिस्तीने वागणारा दोष बहुतेक वेळा कोडमध्येच सापडतो, आणि तुमचा कोड वाचल्यावर तो तिथेच आहे, किंबहुना तिथे चार निरनिराळे दोष आहेत, असे दिसले.

ते मी सांगण्याआधी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत असे मला वाटते. मॉड्यूलकडून आलेला प्रत्येक बाइट अक्षर म्हणून न छापता आकडा म्हणून छापा, आणि दोन आकड्यांमध्ये एक जागा सोडा. अक्षर म्हणून छापल्यास जे अदृश्य आहे ते अदृश्यच राहते, आणि तुमच्या पहिल्या तक्रारीचा उगम नेमका तिथे आहे. हे करताना लॅपटॉपकडे जाणाऱ्या सिरीयल पोर्टचा वेग ९६०० वर ठेवू नका. आत येणाऱ्या एका बाइटमागे तुम्ही बाहेर तीन-चार अक्षरे पाठवणार, म्हणजे दोन्हीकडचा वेग सारखा असेल तर बाहेरची रांग तुंबेल आणि आत येणारे बाइट गळू लागतील. लॅपटॉपकडचा वेग १,१५,२०० करा आणि मॉड्यूलकडचा ९६०० राहू द्या.

तुम्ही ऑन असा एसएमएस पाठवलात की पडद्यावर साधारण असे उमटेल: आधी १३ आणि १०, मग आकड्यांची एक लांब रांग, पुन्हा १३ आणि १०, मग ७९ आणि ७८, आणि शेवटी परत १३ आणि १०. यातील ७९ म्हणजे ओ आणि ७८ म्हणजे एन, हा तुमचा आदेश. १३ म्हणजे कॅरेज रिटर्न आणि १० म्हणजे लाइन फीड. टेलिप्रिंटरच्या काळात छापणारा भाग डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या दोन वेगळ्या हालचाली होत्या, म्हणून त्यांना दोन वेगळी चिन्हे मिळाली, आणि यंत्रे भंगारात गेल्यावरही ही जोडी मागे राहिली. तुमचा कोड १० दिसला की ओळ संपली असे मानतो आणि त्याआधीचे सगळे आदेश म्हणून ठेवतो. लॅपटॉपवरच्या सिरीयल मॉनिटरमध्ये ओळीच्या शेवटी फक्त न्यूलाइन पाठवण्याचा पर्याय निवडलेला असावा, म्हणून तिथे ७९, ७८ एवढेच उरते आणि तुलना जुळते. मॉड्यूल मात्र दोन्ही चिन्हे पाठवते, त्यामुळे तुमच्या हातात ७९, ७८, १३ असे तीन बाइट राहतात. स्ट्रकम्प या तुलना करणाऱ्या फंक्शनच्या दृष्टीने ही वेगळी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, आहे आणि ते म्हणणे बरोबर आहे. १३ हा बाइट आला की तो साठवूच नका; तुमची पहिली तक्रार तिथेच संपेल.

मधली लांब रांग म्हणजे मॉड्यूलने निरोपाआधी दिलेली शीर्षओळ. ती अधिक चिन्ह आणि सीएमटी या अक्षरांनी सुरू होते आणि तिच्यात पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख व वेळ असते. आपल्याकडील भ्रमणध्वनी क्रमांक धरून ती ४७ अक्षरांची भरते. वेळेच्या शेवटी अधिक २२ असे दिसेल, त्याने गोंधळू नका: तो पाव तासांत मोजलेला कालविभाग आहे, २२ पाव तास म्हणजे साडेपाच तास, म्हणजेच भारतीय प्रमाणवेळ. ही ओळही तुमचा कोड आदेश समजून तपासतो. वीज जाऊन परत आल्यावर मॉड्यूल स्वतःहून 'कॉल रेडी' वगैरे ओळी पाठवते, त्यांचीही तीच गत होते. म्हणून शीर्षओळ दिसल्यावर येणारी पुढची ओळ तेवढीच आदेश म्हणून वाचा आणि बाकी सगळ्या ओळी सोडून द्या. शीर्षओळीतला क्रमांक तुमच्या किंवा बाबांच्या फोनचा आहे का, हेही त्याच जागी तपासा. सध्या तुमचा पंप जगातला कोणीही सुरू करू शकतो.

बाबांच्या 'चालू'बद्दल तुम्ही जरा त्रासून लिहिले आहे, पण इथे बाबांचे काहीच चुकलेले नाही. इंग्रजी अक्षरांचा साधा निरोप मॉड्यूल जसाच्या तसा देते. देवनागरीचा निरोप मात्र दोन-दोन बाइटांच्या सांकेतिक क्रमांकांत येतो आणि मॉड्यूल तो हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, आकड्यांत लिहून पाठवते. च हा ०९१ए, काना ०९३ई, ल ०९३२ आणि दीर्घ उकार ०९४२, असे मिळून 'चालू'चे १६ आकडे होतात. 'बंद'चे ब, अनुस्वार आणि द मिळून ०९२सी, ०९०२ व ०९२६ असे १२ होतात. या दोन आकडेमाळा ऑन आणि ऑफ यांच्या शेजारी आणखी दोन आदेश म्हणून कोडमध्ये लिहून टाका. त्या माळा हातांनी टाइप करू नका, बाबांना एक निरोप पाठवायला सांगा आणि पडद्यावर जे उमटेल तेच उचला, कारण निरोपाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही चार आकडे घेऊन येते. ती शेवटी दिसली तर उचललेल्या माळेतून काढून टाका.

आता रात्रीचा पंप.

तुमचा बफर, म्हणजे आलेली ओळ साठवण्याची जागा, ६४ बाइटांचा आहे आणि पंप सुरू आहे की नाही हे सांगणारे चल (व्हेरिएबल) त्याच्या लगेच खालच्या ओळीत घोषित केले आहे. तुमच्या लूपमध्ये कुठेही डिले नाही, हे चांगले केले आहे. पण आलेला बाइट बफरमध्ये ठेवताना जागा शिल्लक आहे का, हे कोड विचारत नाही. तुमचे स्वतःचे आदेश छोटे आहेत आणि शीर्षओळ ४७ ची, म्हणून दिवसभर सगळे मावते. मग एखाद्या रात्री सिमकार्डाच्या कंपनीकडून रिचार्ज संपत आल्याचा निरोप येतो. तो इंग्रजीत असेल तर १६० अक्षरांपर्यंत आणि मराठीत असेल तर ७० अक्षरांपर्यंत असू शकतो, पण मराठीतली ७० अक्षरे मॉड्यूलकडून २८० आकडे होऊन येतात. ६४ बाइटांच्या ताटलीत २८० बाइट ओतले की उरलेले २१६ शेजारच्या चलांवर सांडतात. तुमच्या कोडमध्ये पंपाचे चल शून्य नसेल तर पंप सुरू, असा नियम आहे. सांडलेले अक्षर शून्य हा अंक असला तरी सुटका नाही, कारण शून्य या अंकाचा बाइट ४८ असतो. कोणतेही छापील अक्षर त्या जागी पडले की पंप सुरू होणारच. आणखी भलतेसलते काही बिघडले नाही आणि पंप सुरू होण्यावर निभावले, हे नशीबच म्हणायचे.

याची खात्री दिवसाउजेडी करता येते. रिलेकडून कॉन्टॅक्टरकडे (पंपाची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचकडे) जाणारी तार सोडवून ठेवा आणि तुमच्या फोनवरून शंभराहून अधिक अक्षरांचा कोणताही निरोप पाठवा. रिलेचा खटका ऐकू आला तर निदान पक्के झाले. खटका आला नाही तरी निदान लगेच सोडू नका, कारण जागतिक (ग्लोबल) चले मेमरीत तुम्ही लिहिली त्याच क्रमाने बसतील असे बंधन कंपायलरवर नसते, आणि खरा शेजारी कोण हे मॅप फाइलमध्येच, म्हणजे चलांच्या मेमरीतल्या जागांच्या यादीत, कळते. म्हणून मी तपासापुरता एक उपाय करतो: बफर आणि त्याच्यामागे एक पहारेकरी बाइट असे दोन्ही एकाच स्ट्रक्चरमध्ये ठेवतो, कारण स्ट्रक्चरमधील घटकांचा क्रम लिहिल्याप्रमाणेच राहतो. पहारेकऱ्यात १६५ हा आकडा भरून ठेवायचा आणि लूपच्या प्रत्येक फेरीत तो अजून १६५ आहे का, ते पाहायचे. तो बदललेला दिसला की कोणीतरी कुंपण ओलांडले.

ही युक्ती मी शहाणपणाने शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी मी खारवणाच्या टाकीचे तापमान दाखवणारी पेटी बनवली होती, आणि तापमान उणे १२ च्या खाली गेले की भोंगा वाजावा अशी सोय तिच्यात होती. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे कारखान्याने महिनाअखेरीस टाकी थंड करायला घेतली. २८.४ पासून आकडा खाली येऊ लागला, ९.५ झाला, उणे ९.५ झाला, सगळे उत्तम. या सर्व आकड्यांना दशांशचिन्ह आणि उणे चिन्ह धरून जास्तीत जास्त चार अक्षरे लागतात, आणि स्ट्रिंग संपल्याची खूण करणारा नल बाइट धरून पाच. माझा बफर बरोबर पाच बाइटांचा होता. उणे १०.० ला पाच अक्षरे झाली आणि नल बाइट सहाव्या जागी जाऊन पडला. त्या जागी भोंगा वाजवण्याची परवानगी देणारे चल होते. ते शून्य झाले आणि त्या रात्री तापमान उणे १३ पर्यंत गेले तरी भोंगा गप्पच राहिला. पडद्यावर आकडा अचूक दिसत होता, म्हणून मी दोन दिवस भोंग्याच्या तारा तपासत बसलो होतो. तेव्हा मीही खाऱ्या हवेलाच बोल लावला होता.

तुमच्या छापील ओळींनी दोष का लपला, याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही तुमच्या बाबतीत लागू पडतात. उनोवरच्या एटमेगा ३२८पी या चिपमध्ये चलांसाठी फक्त २०४८ बाइटांची मेमरी असते आणि कोडमध्ये अवतरणात लिहिलेली प्रत्येक साधी स्ट्रिंग चालू होतानाच त्या मेमरीत उतरवली जाते. चाळीस-चाळीस अक्षरांच्या तीस ओळी टाकल्या की १२०० बाइट गेले आणि तुमच्या चलांचे शेजारपाजार बदलू शकते. दुसरे कारण वेळेचे. छापताना बाहेरची रांग भरली की प्रोग्राम तिथेच थांबून राहतो. ९६०० वेगाला एका बाइटला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून मॉड्यूलकडच्या सॉफ्टवेअर सिरीयलचा ६४ बाइटांचा साठा ६६ मिलिसेकंदांत भरतो आणि पुढचे बाइट टाकून दिले जातात. लांब निरोप अशा रीतीने अर्धवटच तुमच्या हाती आला, म्हणून तो सांडला नाही. दोष बरा झाला नव्हता, तुम्ही त्याची शिदोरी तोडली होती. यापुढे छापील मजकूर एफ या मॅक्रोमध्ये गुंडाळा, म्हणजे तो फ्लॅशमध्येच, प्रोग्रामच्या कायमच्या मेमरीत, राहील, आणि ओळी कमीत कमी ठेवा.

टाइम ३० ची गोष्ट मात्र मला फार आवडली. तुम्हाला वाटले की कुठेतरी मिनिटांऐवजी सेकंद धरले गेले. तसे झालेले नाही. तुम्ही ३० ला ६० ने आणि मग १००० ने गुणता, उत्तर १८,००,००० यायला हवे, पण या चिपवर इंट हा प्रकार १६ बिटांचाच असतो आणि त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. १८,००,००० मधून ६५,५३६ सत्तावीस वेळा वजा केले की ३०,५२८ उरतात, म्हणजे साडेतीस सेकंद. योगायोगाने उत्तर असे आले की चुकीचे कारण पटावे. टाइम २१ देऊन पाहिलात तर पंप एकवीस सेकंद चालणार नाही, पंधरा सेकंदांच्या आतच थांबेल, तेव्हाच फरक कळेल. गुणाकारातील पहिलीच संख्या अनसाइन्ड लाँग, म्हणजे ३२ बिटांची, करा. स्ट्रिंगमधून आकडा काढण्यासाठी तुम्ही एटॉय वापरले आहे. ते आकडा न सापडल्यास गुपचूप शून्य देते आणि 'टाइम शून्य' व 'टाइम आंबा' यांत भेद करत नाही. त्याऐवजी स्ट्रटोल हे फंक्शन वापरले तर वाचन कुठे थांबले तेही कळते.

ओळ गोळा करण्याचा भाग पुन्हा लिहा, तो दहा-बारा ओळींचाच आहे. उपलब्ध असेल तेवढा एकेक बाइट घ्यायचा. तो १३ असेल तर सोडून द्यायचा. १० असेल तर बफरच्या शेवटी नल बाइट ठेवायचा, ओळ रिकामी नसेल आणि लांबीची मर्यादा मोडलेली नसेल तर ती तपासायला द्यायची, आणि मोजणी शून्यावर आणायची. अन्य कोणताही बाइट असेल तर मोजणी बफरच्या आकारापेक्षा एकाने कमी असेपर्यंतच तो ठेवायचा, कारण नल बाइटची एक जागा राखीव असते; त्यापुढे मर्यादा मोडल्याची खूण करायची आणि १० येईपर्यंत सगळे फेकून द्यायचे. लांब ओळ कापून उरलेला तुकडा वापरण्याचा मोह होईल, तो टाळा. रिचार्जच्या जाहिरातीचे पहिले त्रेसष्ट बाइट हा काही आदेश नव्हे. आणि ओळ पूर्ण झाली आहे हे १० वरूनच ठरवा, 'आता बाइट उपलब्ध नाही' यावरून ठरवू नका. दोन बाइटांच्या मधल्या त्या एका मिलिसेकंदात तुमची चिप सोळा हजारांहून अधिक ठोके मोजते, तिला ओचे अक्षर आल्यावर एन यायला युगे लागल्यासारखी वाटतात.

ओळीतून 'टाइम' हा शब्द वेगळा करण्यासाठी तुम्ही स्ट्रटॉक हे तुकडे पाडणारे फंक्शन वापरता आणि त्यानंतर तीच ओळ ऑन आणि ऑफ यांच्याशी पडताळता. स्ट्रटॉक मूळ स्ट्रिंगमध्येच नल बाइट पेरते, म्हणून आधी पूर्ण ओळीची तुलना करा आणि मग तिचे तुकडे करा.

पंपाच्या सुरक्षेचे काम स्ट्रिंगवर सोपवू नका. विहिरीत एक फ्लोट स्विच सोडा आणि तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मार्गातच जोडा, म्हणजे कोडने काहीही म्हटले तरी एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा चालणार नाही. ते जोडकाम वायरमनकडून करून घ्या.

बाजूला ठेवलेले दोन्ही बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून, वाळवून, त्यांवर हाच सुधारलेला कोड चढवून पाहा. चालले तर एकावर लॅकर मारून तो पेटीत बसवा आणि दुसरा घरी टेबलावर तपासासाठी ठेवा. तरीही आदेश चुकत असतील तर पडद्यावर उमटलेल्या आकड्यांची पूर्ण रांग मला कळवा, मात्र शीर्षओळीतील फोन क्रमांकाचे आकडे तेवढे खोडून.